भिंतीला टेकलेलं मोटारघर

डिचोलीच्या बुधवारच्या बाजारात आता सांगतात, की पेडण्याकडची कोण एक शेवंती म्हणून बाई आहे, तिनं आपल्या दिराची बसएवढी गाडी पळवली. कधी पळवली? दीर जेवायला बसला होता तेव्हा. कुठं नेली? सर्वणला, भाचीच्या दारात. भाचीनं चहा विचारला तर म्हणे, "नको गे बाय, गाडी चालूच ठेवली आसा." काजूगर विकणारी जी बाई हे सांगते ती सांगताना दोन्ही हातांनी हवेत एवढं मोठं स्टिअरिंग फिरवते की पुढचं गिऱ्हाईक दोन पावलं मागं सरतं. तुयेच्या कारखान्यांच्या फाटकापाशी हीच गोष्ट जरा वाढवून मिळते. तिथं शेवंती तोंडात विडी धरून गाडी चालवते.

खरं म्हणजे शेवंतीकाकीनं आयुष्यात सायकलसुद्धा चालवलेली नाही. गाडीचं इंजिन सकाळी बंद पडलं ते त्या दिवशी पुन्हा सुरूच झालं नाही, किल्ली सबंध वेळ पुतण्याच्या खिशात होती, आणि गाडी गेली ती फक्त आमच्या वाड्याच्या, म्हणजे वस्तीच्या, उतारावरून देवळासमोरच्या मोकळ्या मांडापर्यंत, तीही दुसऱ्या गाडीला बांधून. पळवली कसली, काकी तिच्यात कोंडली होती. विडीचं म्हणाल तर ती गाऱ्हाणं घालणाऱ्या विठ्ठलआबांची, आणि ती वाड्याच्या राखणदार देवासाठी ठेवलेली होती.

गाडी कसली ते आधी सांगायला हवं. काकीच्या वारलेल्या नवऱ्याचा चुलतभाऊ गुरुदास. त्यानं कामगार नेणारी एक जुनी बस विकत घेतली, आतली बाकडी काढून टाकली आणि तिच्यात बिछाना, ओटा, मोरी, पंखा, पडदे असा सगळा संसार बसवून घेतला. पाहुण्यांनी यायचं, किनाऱ्याकिनाऱ्यानं हिंडायचं आणि रात्री गाडीतच झोपायचं. गुरुदास तिला मोटरहोम म्हणतो, वाडा तिला घरगाडी म्हणतो. गुरुदासची बोलायची एक तऱ्हा आहे. चार शब्द आपले बोलला की पाचवा इंग्रजी, विड्यात सुपारी ठेवावी तसा.

"वयनी, ही नुसती गाडी नाय, हो एक फील आसा," असं त्यानं पहिल्या दिवशी काकीला सांगितलं.

"बरा," काकी म्हणाली, "पण फील झाडूक केरसुणी खयची घेव, घरातली की गोठ्यातली?"

काकीला त्यानं ठेवलं होतं ते झाडलोटीला, चादरी धुवायला आणि पाहुण्यांसाठी माशांचं हुमण आणि भात रांधायला. नात्यातलं माणूस, त्यामुळं काम पगाराचं आणि बोलणं उपकाराचं. त्याआधी ती तुयेच्या एका कारखान्यात खोकी बांधायची. त्या हॉलच्या खिडक्या उघडायच्याच नाहीत. एकदा वीज गेली आणि दाराचं कुलूप अडकलं, आणि सगळ्या बाया अंधारात घामेघूम होऊन दारावर थापा मारत बसल्या. तेव्हापासून काकीला बंद जागेचं वावडं. घरी मोरीचं दारसुद्धा ती बोटभर उघडं ठेवते आणि आत असेपर्यंत मोठ्यानं गाते, म्हणजे कुणी येऊ नये. आवाज असा की कुणी येतही नाही.

तर अशा बाईनं घरगाडीत पहिलं पाऊल टाकल्या टाकल्या काय पाहावं, की तिथं बाहेर पडायची वाट एकच. डाव्या अंगाचं दार. ड्रायव्हरच्या बाजूचं दार गंजलं होतं, ते गुरुदासनं पत्रा मारून कायमचं बंद केलेलं. खिडक्यांना गज, माकडांसाठी. आणि बसच्या मागच्या अंगाला संकटकाळी उघडून बाहेर पडायची जी मोठी खिडकी असते, तिथं फ्रिज उभा. दुसरीकडं कुठं तो बसेना.

"भावजी, ह्या जनेलाचा काय केलांत?" काकीनं विचारलं होतं.

"कुलिंग महत्त्वाचा, वयनी. गेस्ट आधी थंड पाणी मागतत."

"आनी आग लागली तर?"

"तर फ्रिजातला पाणी मारूचा," म्हणून गुरुदास स्वतःच हसला. काकी हसली नाही. पण दिराला उलट बोलायची तिच्या तोंडाला सवय नव्हती. ती चादरी घडी करायला लागली.

तो दिवस आला तो असा. दुसऱ्या दिवशी पहिले पाहुणे यायचे होते. गुरुदासचा मुलगा रुद्रेश गाडी वर रस्त्यावर नेऊन धुवून आणत होता, आणि काकी आत ओटा पुसत बसली होती. वाड्याची वाट म्हणजे दोन्ही बाजूंना चिऱ्यांच्या गडग्यांच्या भिंतींमधून उतरत जाणारी चिंचोळी गल्ली. खाली देवळापाशी वळते. समोरून पाववाला पोदेर आला, सायकलच्या मागं पावांची टोपली, हॉर्न पोंपों करत. त्याला वाट द्यायला रुद्रेशनं गाडी डावीकडं घेतली. चाक गटाराच्या कडेवर चढलं, उतरलं, आणि खालून आधी 'खण्ण' झालं, मग 'फुस्स्स्', मोठ्या माणसानं मनातलं शेवटी बोलून टाकावं तसं लांबलचक. एकाच चिऱ्यानं इंजिनाच्या तेलाचं भांडं आणि ब्रेकची हवेची टाकी, दोन्ही फोडली होती. मागची चाकं जागच्या जागी आवळली. गाडी दोन हात घसरली आणि जत्रेत पाय दुखलेला माणूस खांबाला टेकतो तशी गडग्याला टेकली. टेकली ती नेमकी दाराच्या अंगानं.

रुद्रेश ड्रायव्हरच्या खिडकीतून बाहेर पडला. त्या एकाच खिडकीला गज नव्हते. तो पडवळासारखा, आधी पाय, मग पोट नावाचं जे काही नव्हतं ते, मग डोकं. काकीनंही खांद्यापर्यंत अंग बाहेर काढून बघितलं. बाहेर तोवर बाया जमल्या होत्या.

"येवा गे काकी, आम्ही धरतो."

"धरतल्यात काय माझा कपाळ. अर्धी मी भायर इलंय, तर उरलेली अर्धी कोण काढतलो? पंचायत?" आणि ती मागं सरली. हसली बायांबरोबर. पण सीटवर बसल्यावर तिनं पदरानं तोंड पुसलं, ते फक्त घामासाठी नव्हतं.

ऊन चढत गेलं. पत्र्याचं छत तापलं. पंखा बंद, कारण इंजिन बंद. फ्रिज बंद, तोही त्याच कारणानं. मोरीच्या मागं पाहुण्यांसाठी संडास होता, चकचकीत, पण त्याची टाकी अजून जोडायची होती, म्हणून गुरुदासनं त्यावर 'वापरू नये' असा कागद चिकटवला होता. काकी त्या कागदाकडं अधूनमधून बघत होती. गजांतून कुणी पेज दिली, कुणी लिंबाचं लोणचं, कुणी कोपभर, म्हणजे पेलाभर पाणी. शेजारच्या सिद्धीनं आपलं तान्हं पोर उचलून खिडकीशी धरलं आणि म्हणाली, "बघ रे, कोण आसा थय? काकी आसा." पोर टाळ्या वाजवायला लागलं. काकीनं त्याला जीभ दाखवली. मग तोंड फिरवून दीर्घ श्वास घेतला, कारण श्वास पुरत नव्हता.

गुरुदास धावत आला तो गाडीभोवती फिरला. रंग बघितला, आरसा बघितला, चाक बघितलं. मग वर बघितलं.

"वयनी, तुमी बरे मां?"

"बरी आसंय. भावजी, पुढची काच फोडूया? मी हातोडीन फोडतंय. पायांनी उतरतंय."

"नको नको नको." गुरुदासनं दोन्ही हात वर केले, पोलिसानं पकडल्यासारखे. "ती काच बेळगावसून हाडलेली. तशी परत मेळची नाय. उद्या गेस्ट येतले, वयनी. थोडो वेळ कळ काढा. भैरूक फोन केलां."

 हातोडी काकीच्या हातात होती. तिनं ती ओट्याच्या खणात परत ठेवली आणि खण बंद केला.

भैरू आला तो दुपारी. मूळचा चंदगडकडचा, तुयेला बंद पडलेल्या ट्रकांचं गॅरेज चालवतो. त्याचा आवाज माणसाच्या आधी पोहोचतो. बरोबर त्याच्या हाताखालचा नितीन, खालच्या रस्त्यानं वळसा घालून जड ट्रक घेऊन. तोवर गुरुदासनं शेजारचा ट्रॅक्टर आणि होडीचा दोर तयार ठेवला होता.

"ह्यो काय?" भैरूनं दोर पायानं उलटवला. "दोरीनं म्हस वढत्यात, मालक. ही उताराला उभी हाय. दोरी नुसती वढती, थांबवत न्हाई. म्होरलं थांबलं की ही मागनं येऊन त्येच्याच डोस्क्यावर बसंल. लोखंडी बारच पायजे, दोनी तोंडाला खिळ घालून."

मग तो आडवा होऊन गाडीखाली गेला आणि खालून बोलायला लागला. त्याचं बोलणं तळातून वर काकीच्या पायांना ऐकू यायचं.

"काकी, हायसा न्हवं आत?"

"खय जातलंय?"

"भ्या नगासा. ह्या गाड्यांचा ब्रेक हवंवर असतोय. टाकीत हवा हाय तवर चाक मोकळं. हवा गेली की आतली स्प्रिंग चाकाला मिठी मारती, सोडत न्हाई. टाकी फुटलीया, म्हंजे हवा भरून उपेग न्हाई. आता मी मागनं बोल्ट आवळून ती स्प्रिंग दाबून धरतो. दोनी चाकांची. मग इंजिनाकडनं चाकाकडं जातोय त्यो दांडा काडतो, न्हाईतर वढताना गेरबॉक्स खाऊन टाकंल. पर येक ध्यानात ठेवा. येकदा का मिठी सोडवली, ह्या गाडीला ब्रेकच न्हाई. पायाखालचा पट्टा नुसता शोभंचा."

"मगे थांबतली कशी?"

"दगडानं. दगड लावल्यात दोनी चाकास्नी. आनि बार लागला की नितीन थांबवील."

डावीकडची चाकं भिंतीला, तिथं हातच जात नव्हता. म्हणून उजवीकडच्या दोन चाकांपुढं दोन मोठे चिरे ठोकून बसवले होते. बोल्ट आवळून, दांडा काढून झाल्यावर भैरू खिडकीखाली येऊन उभा राहिला आणि डोकं खाजवायला लागला.

"आता येकच भानगड. ह्यो बार सरळ हाय. म्होरं वळन हाय. आत कुनीतरी स्टेरिंग धराय पायजे. कोन जातोय आत?"

सगळ्यांनी रुद्रेशकडं बघितलं. रुद्रेशनं खिडकीकडं बघितलं. बाहेर येताना त्याची बरगडी सोललेली होती, आणि आत शिरायला आता खांदाच उचलेना.

"मी आसंय की आत," काकी म्हणाली. म्हटल्यावर तिलाच कसंतरी झालं.

"तुमास्नी येतंय?"

"नाय."

"जात्याचा खुटा धरलासा न्हवं कदी?"

"धरलंय. पण जात्याक गडगो आडवो येना नाय."

भैरू हसला. "डावीकडं म्हंजी भिंत. उजवीकडं म्हंजी वाट. मी म्हनंन तिकडं वढायचं. इंजिन बंद हाय, म्हून जड जाईल. म्हशीची मान असती तसं."

काकी ड्रायव्हरच्या जागेवर बसली. चाक हातात घेतलं. ते हलेना. लग्नाआधी लाटंबार्सेला ती बापाबरोबर चिऱ्यांच्या खाणीवर जायची. ओला चिरा डोक्यावर घेऊन वर चढताना मान कशी धरायची ते अंगात मुरलेलं. तिनं पाय रोवले, कमरेतून जोर लावला. चाक बोटभर फिरलं. मग वीतभर. ती खिडकीतून खाली बघत म्हणाली, "फिरता." आवाजात जरा नवल होतं.  मागं वळून पाहिलं तर तोच फ्रिज, तोच कागद, तीच बंद दारं. पुढं काचेपलीकडं वाट, देऊळ, तळी, सगळं उघडं आणि सगळं उतारावर.

इथं विठ्ठलआबा आले. वाड्यावर काही हलवायचं, बांधायचं, खणायचं असलं की राखणदाराला गाऱ्हाणं आबांनी घालायचं, हे ठरलेलं. घरगाडी आणली तेव्हा गुरुदासनं गाऱ्हाणं घातलंच नव्हतं. तो म्हणाला होता, आधी ट्रायल घेऊ. त्यामुळं आज आबांचा चेहरा असा, की बघ, मी बोललो नव्हतो का.

आबांनी नारळ घेतला, पानावर विडी ठेवली, डोळे मिटले. त्यांचा आवाज एरवी कोंबडीला हाकलायलाही पुरत नाही. गाऱ्हाण्याला मात्र तो खोल विहिरीतून येतो.

"बा देवा राखणदारा म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा," सगळा वाडा.

"आज जी काय ही तुझ्या वाटेर चार चाकांची घरगाडी अडान ऱ्हवली आसा म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा."

"गुरुदासान तुका इचारल्याबिगर ती हाडली, ती त्याची चूक पदरात घाल म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा." इथं वाडा जरा मोठ्यानं ओरडला.

"आनी तिच्या पोटात आमची एक बायलमाणूस अडाकली आसा, तिचो काय एक गुन्याव नाय, तिका सुखरूप भायर काड म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा," आतून काकीसुद्धा म्हणाली. सगळ्यांत हळू, पण तिचाच शेवटचा ऐकू आला.

नारळ फुटला. आता लिंबू. गाडी निघताना चाकाखाली लिंबू चिरडलं पाहिजे, हे आमच्याकडं लहान पोरालाही माहीत. भैरू त्या वेळी गाडीच्या पुढं उभा होता. अजून न जोडलेला बार हातात उभा धरून, खालून मागं मागं येणाऱ्या ट्रकाला खुणा करत. "यीव दे, यीव दे, आनि जरा." त्याचं सगळं लक्ष ट्रकाकडं.

आबांनी वाकून पुढच्या चाकापाशी लिंबू ठेवायला जागा बघितली. तिथं चिरा होता. चिऱ्याखाली लिंबू ठेवून कसं चालेल, ते चिरडणार कोण? आबांनी रुद्रेशला खूण केली, रुद्रेशनं डाव्या हातानं आणि पायानं चिरा सरकवला, लिंबू ठेवलं. छान बसलं. मागच्या चाकाकडं गुरुदास होता. बापानं मुलापेक्षा मागं राहावं कसं? त्यानंही चिरा ओढला, दुसरं लिंबू ठेवलं, आणि हात जोडले.

काकीला पहिल्यांदा कळलं ते कोपांवरून. ओट्यावरच्या फळीत पाहुण्यांचे काचेचे कोप ओळीनं लावलेले. ते एकमेकांना लागून किणकिणायला लागले, हळूच, कुणी मागच्या खोलीत चालतंय तसे. मग गडगा सरकला. गडगा कुठं सरकतो? मग तिला खाली भैरूची पाठ दिसली. निळा शर्ट, पाठीवर तेलाचा डाग, हातात बार. त्याच्या पुढं ट्रकाचा मागचा फळका. आणि पाठ जवळ येत होती.

पायाखालचा पट्टा तिनं दाबला. तो शोभंचाच होता.

ती ओरडली नाही. ओरडायला श्वास लागतो आणि श्वास तिनं सगळा हातात घातला होता. डावीकडं म्हणजे भिंत. तिनं चाक दोन्ही हातांनी भिंतीकडं ओढलं, मान ताठ, पाय पत्र्यात रुतलेले. गाडीचं नाक गडग्यात घुसलं. चिऱ्यावर पत्रा घासताना जो आवाज झाला तो ऐकून देवळावरची कबुतरं उठली. आरसा गेला, दिवा गेला, रंगाची एक लांब साल निघाली, आणि घरगाडी भैरूच्या पाठीपासून हातभर अलीकडं थांबली.

भैरू वळला. त्यानं गाडीचं नाक बघितलं, ट्रकाचा फळका बघितला, मधे स्वतःला बघितलं. मग चाकांकडं बघितलं. दोन लिंबं चपटी झाली होती.

"दगड कुनी काडला?" तो इतक्या हळू बोलला, की त्याचा आवाज वाटलाच नाही.

 विठ्ठलआबांनी विडी उचलून खिशात घातली.

मग गुरुदास बोलला. तो गाडीच्या कडेनं चालत गेला, चिऱ्यावर लागलेल्या रंगावरून बोट फिरवलं आणि वर बघून म्हणाला, "वयनी, जरा उजवीकडे घेवचा होता. रंग बघा काय झालो."

काकीनं खिडकीतून त्याच्याकडं बघितलं. बराच वेळ. तिचे हात अजून चाकावरच होते, जणू सोडले तर गाडी पुन्हा निघेल.  हे बघणं सकाळच्यासारखं नव्हतं. बघणाऱ्या बायांनी ते ओळखलं आणि त्या जरा पुढं सरकल्या.

पुढचं सगळं भैरूनं कुणाला हात न लावू देता केलं. चिरे परत ठोकले. ट्रक आणला, बार लावला, दोन्ही खिळी घातल्या, खिळींना तारा पिळल्या. मग चिरे स्वतः काढून स्वतःच्या काखेत धरले, आणि एक डोळा काकीच्या खिडकीकडं, एक मागच्या चाकाकडं ठेवून चालत राहिला. ट्रक मुंगीच्या चालीनं निघाला.

"उजवीकडं, काकी. जरा. तेवडंच. आता सरळ. ऱ्हाऊ द्या. वळन आलं. वढा उजवीकडं, वढा, वढा, लई भारी."

वळणावर गाडीचं शेपूट गडग्यापासून सुटलं तेव्हा डावीकडच्या दाराच्या काचेतून आत उजेड आला. सकाळपासून तिथं नुसता लाल चिरा होता. उजेडाचा तो पट्टा ओट्यावरून, कोपांवरून सरकत काकीच्या खांद्यावर आला. तिनं मान वळवली नाही. ती वाट बघत होती, वाट धरून होती.

देवळासमोर मांडाच्या सपाट जागेवर ट्रक थांबला. भैरूनं चिरे लावले, लाथ मारून बघितले, आणि कपाळाला हात लावून काकीला सलाम केला. लोक दाराकडं धावले. सिद्धीनं पाण्याचा तांब्या आणला. कुणी म्हणालं, दृष्ट काढा. गुरुदासनं दार ओढलं.

दार आतून बंद होतं.

"वयनी, कडी काढा. अडाकलां काय?"

"अडाकूक नाय," आतून आवाज आला. "मी घातलंय."

"कित्या?"

काकी उठून दाराच्या खिडकीशी आली. सगळा दिवस ती बाहेर यायला तळमळत होती, पोटात कळ दाबून बसली होती, घामानं चोळी अंगाला चिकटलेली, आणि आता एक कडी काढली की मोकळी. ती कडीवर हात ठेवून उभी राहिली.

"भावजी, तो फ्रिज थयसून काढा. ता जनेल परत उघडा करा. मगे मी उतरतंय."

"वयनी, तुमी आधी उतरा, मगे आमी निवांत बोलूया. उद्या गेस्ट..."

"उद्या त्यांका कोण भायर काढतलो? तुमची काच?"

गुरुदासनं लोकांकडं बघितलं. तो समजुतीचं हसू हसला. "वयनी, ही काय हट्ट करूची वेळ?"

"नाय. ती सकाळी होती. तवा मी केलंय नाय."

आणि ती जाऊन परत ड्रायव्हरच्या जागेवर बसली. गुरुदासनं भैरूला म्हटलं, गाडी अशीच ओढून तुयेला गॅरेजात ने, तिथं गेल्यावर उतरेल. भैरू बारच्या तारा पिळत होता, त्यानं वर न बघता सांगितलं, "आत मानूस असताना रस्त्याला न्यायाची न्हाई. आनि स्टेरिंगवर दुसरं कोन बसवू? तितं काकी हायत." मग तो ट्रकाच्या सावलीत बसला आणि नितीनकडून तंबाखू घेतली.

मांडावर जत्रा भरली. कुणी म्हणे ती उतरेल, कुणी म्हणे गुरुदास हरेल. खिडकीखाली उभी असलेली शेजारची पोरगी, म्हणजे हे लिहिणारी, गजांतून काकीला चहा देत म्हणाली, "काकी, आता बस. दिवे लागच्या आधी तू उतरतलंस. तुका जावचा लागतला."

काकीनं पायावर पाय घट्ट ठेवला होता, ते दिसत होतं.

"पैज?" ती म्हणाली.

"पैज. तू आधी उतरतलंस, फ्रिज मागसून."

"आनी फ्रिज आधी उतारलो तर?"

"तर तू सांगशील ता."

काकी चहा प्याली. कोप परत दिला. "हरलंस तर म्हयनोभर माझी नक्कल करूची नाय. तुझ्या तोंडातसून माझो आवाज भायर पडूक होयो नाय. पोरां हसतत ती माका आयकाक येतत, मी काय बहिरी नाय."

ऊन उतरलं. गुरुदास दोनदा घरी जाऊन आला. एकदा बायकोला घेऊन आला; तिनं काकीशी खिडकीतून काहीतरी कुजबुज केली आणि परत येऊन नवऱ्याला म्हणाली, "वयनी बरोबर सांगतत."  त्यानं फोन काढला, पाहुण्यांशी बोलला, त्यात 'टेक्निकल' हा शब्द चारदा आला. देवळाचा पुजारी समईत तेल घालायला आला तेव्हा गुरुदास दाराशी येऊन म्हणाला, "कडी काढा, वयनी. फ्रिज काढतंव."

काकीनं कडी काढली. दार उघडलं, पण स्वतः पायरीवर आली नाही. बाजूला सरून सीटला पाठ लावून उभी राहिली. भैरू, नितीन, गुरुदास आणि एक बरा हात असलेला रुद्रेश आत गेले. फ्रिज बाहेर आला तो आडवा, आतल्या गरम झालेल्या बाटल्या कडकडत, दारातून अंग चोरत, अगदी सकाळी रुद्रेश आला होता तसा. मागं बसची ती जुनी खिडकी उघडी पडली, धुळीनं भरलेली, काचेवर लाल अक्षरं अजून अर्धी शिल्लक. भैरूनं कडी ठोकून ती उघडून दाखवली, बंद करून दाखवली, परत उघडली.

फ्रिज मांडावर ठेवला. देवळात घंटा वाजली. मग काकी उतरली, आणि कुणाकडंही न बघता, पदर खोचत, मागच्या परसाकडं धावत सुटली.

परत आली तेव्हा खिडकीखालच्या पोरीसमोर उभी राहून म्हणाली, "हरलंस मां?"

हरले. तोंडानं नक्कल महिनाभर बंद, म्हणून हे सगळं कागदावर.